रसदेत आधी पाणी

दीड टन वजन पेलणारा ट्रक घ्या आणि त्यात दोनशे लिटरची पिंपं चढवा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, वर रिकाम्या पिंपाचं वजन वीसेक किलो. सहा पिंपं बसतात. सातवं चढवलं की भार दीड टनाच्या वर जातो आणि रेताड वाटेत मागची चाकं रुततात. म्हणजे एका खेपेला बाराशे लिटर. चाळीस अंशांच्या उन्हात खंदकात पडून असलेल्या माणसाला नुसतं जिवंत राहायला दिवसाला चार-पाच लिटर लागतात. पाच हजार माणसं धरली तर पंचवीस हजार लिटर, म्हणजे रोज एकवीस खेपा. यात मका-मांस आलं नाही, काडतुसं आली नाहीत, जखमींना मागे नेणं आलं नाही, आणि उकळणाऱ्या रेडिएटरमध्ये ड्रायव्हरला ओतावं लागणारं पाणीही आलं नाही.

सप्टेंबर १९३२ मध्ये बोलिव्हियाच्या हातातल्या बोकेरॉन या ठाण्याला वेढा घालून बसलेल्या पॅराग्वेच्या फौजेपुढे या जातीचा हिशेब होता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करांबद्दल आपण वाचतो ते बहुतेक उठावांचं आणि हुकूमशहांचं. तेही खरंच आहे, त्याकडे पुढे येतो. पण पॅराग्वेचं लष्कर ज्या दोन मोठ्या युद्धांतून घडलं, त्यांतलं पहिलं त्यानं नदीकाठी गमावलं आणि दुसरं विहिरींच्या जोरावर जिंकलं. त्याची रचना, त्याच्या रेजिमेंटांची नावं, त्याच्या छावण्यांच्या जागा, सगळं या दोन युद्धांशी बांधलेलं आहे.

आधी भूगोल. पॅराग्वे नदी देशाचे उभे दोन भाग करते. पूर्वेला लाल माती, पाऊस, शेती, राजधानी आसुन्सिओन आणि जवळजवळ सगळी वस्ती. पश्चिमेला चाको: देशाची साठ टक्के जमीन आणि शंभरांतली दोन-तीन माणसं. समुद्र नाही. बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट म्हणजे ही नदी, आणि तिचं तोंड अर्जेंटिनाच्या हातात.

म्हणूनच पहिल्या लष्कराचा सगळा जीव नदीवरच्या एका वळणात होता. राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंतोनिओ लोपेस यांच्या काळात उमाइता इथे, नदी जिथे घोड्याच्या नालासारखी वळते तिथे, तोफांचे मोर्चे उभे राहिले आणि पात्रात आडव्या साखळ्या टाकल्या गेल्या. वळणावर जहाजाला वेग कमी करावा लागतो आणि तेवढा वेळ ते तोफांच्या माऱ्यात राहतं, हे त्यामागचं साधं गणित. इबिकुई इथे लोखंडाची भट्टी चालू झाली, आसुन्सिओनमध्ये शस्त्रागार आलं, रेल्वे आली, इंग्रज अभियंते पगारावर आले. मुलगा फ्रान्सिस्को सोलानो लोपेस सत्तेवर आला तेव्हा फौज मोठी होती, तिच्यात शिस्त होती, आणि बहुतेक शिपायांच्या हातात चकमकीच्या दगडावर चालणाऱ्या जुन्या बंदुका होत्या.

१८६४ ला युद्ध पेटलं. समोर ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे असे तिघे. ११ जून १८६५ ला रियाचुएलोच्या लढाईत पॅराग्वेचं आरमार मोडलं आणि नदीचं तोंड बंद झालं. त्यानंतर बाहेरून बंदूक आली नाही, औषध आलं नाही, कापडही आलं नाही. पुढची पावणेपाच वर्षं देश स्वतःलाच खात लढला.

त्या फौजेचं सगळ्यात मोठं दुखणं हत्यारांपेक्षा हुकमाच्या साखळीत होतं. सगळे निर्णय एका माणसाकडे. दुय्यम अधिकाऱ्याला स्वतःच्या बुद्धीनं तुकडी हलवायची मुभा नाही, आणि हरून परतलेल्यावर भ्याडपणाचा ठपका. अशा फौजेला एका जागी उभं राहून लढता येतं, उत्तम लढता येतं, पण डाव बदलता येत नाही. तिची दोन टोकं चार महिन्यांत दिसली. २४ मे १८६६ ला तुयुतीला लोपेसनं फौज वेगवेगळ्या रांगांत विभागून दलदलीतून समोरासमोर हल्ल्याला घातली. रांगा एका वेळी पोहोचल्याच नाहीत आणि त्याची सगळ्यात चांगली माणसं एका दिवसात गेली. सप्टेंबरमध्ये मात्र त्यानं अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष बार्तोलोमे मित्रे याच्याशी तहाची बोलणी लावली, आणि त्या मिळालेल्या दिवसांत कुरुपायतीला रात्रंदिवस खंदक खणून घेतला. पुढे काटेरी झाडं, शेंडे शत्रूकडे करून आडवी टाकली. २२ सप्टेंबरला जनरल दियासच्या माणसांनी त्या खंदकातून हल्ला परतवला, तेव्हा हल्लेखोरांचे काही हजार पडले आणि पॅराग्वेचे शंभरही गेले नाहीत. खोदलेल्या मातीची किंमत त्या दिवशी कळली, ती या लष्कराच्या अंगात कायमची मुरली.

पण माती किती पुरणार? फेब्रुवारी १८६८ मध्ये ब्राझीलची चिलखती जहाजं उमाइतावरून पुढे निघून गेली, उन्हाळ्यातल्या कॉलऱ्यानं छावण्या पोखरल्या, आणि शेवटी भरती पोरांपर्यंत खाली आली. १६ ऑगस्ट १८६९ ला आकोस्ता न्यू इथे जी पिछाडी लढली तिच्यात बहुसंख्य मुलगे होते. दुरून मोठे दिसावेत म्हणून त्यांच्या तोंडाला दाढ्या चिकटवल्या होत्या असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पॅराग्वेत बालदिन १६ ऑगस्टला असतो, तो यामुळे. १ मार्च १८७० ला सेरो कोराला लोपेस मारला गेला आणि युद्ध संपलं; लढायला माणसंच उरली नव्हती. प्रौढ पुरुषांपैकी बहुतेक गेले होते. बायकांनी देश पुन्हा उभा केला, शेती त्यांनी केली आणि घरं त्यांनी बांधली.

मधली पन्नास-साठ वर्षं लष्कर म्हणून सांगण्यासारखं फार काही नाही. काही तुकड्या, बरेच उठाव, थोडी तोफा-बंदुकांची खरेदी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैनिकी शाळा उभी राहिली, अधिकारी शिकायला चिली, अर्जेंटिना आणि फ्रान्सला जाऊ लागले. होसे फेलिक्स एस्तिगारिबिया हा त्यातलाच एक. शेतकी शिकलेला, कमी बोलणारा, फ्रान्सहून युद्धशास्त्र शिकून आलेला. याच काळात रशियातल्या यादवीतून देशोधडीला लागलेले अधिकारी आसुन्सिओनला पोहोचले. त्यांच्यातल्या इव्हान बेलाएफ या सेनानीला सरकारनं एकच काम दिलं: चाकोत जा आणि पाणी शोधून नकाशावर मांडा. तो तिथल्या आदिवासी वाटाड्यांबरोबर वर्षानुवर्षं फिरला. १९३१ मध्ये त्याला पितियांतुता हे गोड्या पाण्याचं तळं सापडलं. पुढच्याच वर्षी, १५ जून १९३२ ला, बोलिव्हियाच्या तुकडीनं त्या तळ्याकाठचं पॅराग्वेचं ठाणं घेतलं आणि चाकोचं युद्ध सुरू झालं. युद्धामागे तेलाच्या आशा होत्या, सीमेचे जुने वाद होते, समुद्र गमावलेल्या बोलिव्हियाला नदीपर्यंत पोहोचायचं होतं. तरी पहिली गोळी सुटली ती तळ्यावर.

चाकोतलं पाणी कसं असतं हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. जमीन ताटासारखी सपाट, माती पिठासारखी बारीक. कोरडी असली की धूळ घशात आणि बंदुकीच्या खटक्यात बसते. पाऊस पडला की तीच माती चाकाला लगद्यासारखी चिकटते आणि वाट सुकेपर्यंत ट्रक जागेवर. जमिनीखाली पाणी आहे, पण बहुतेक खारं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी त्या खाऱ्या पाण्यावर पातळ भिंगासारखं तरंगत असतं. विहीर उथळ ठेवली आणि उपसा बेतानं केला तर ते मिळतं. अधिक मिळेल म्हणून खोल गेलात किंवा एका दिवसात फार उपसलंत की खालचं खारं वर चढतं आणि विहीर वाया जाते. हजार माणसांची तुकडी एखाद्या विहिरीवर येऊन पडली की नेमकं हेच होतं. दुसरा मार्ग म्हणजे ताखामार: चिकणमाती असलेल्या सखल जागी खणलेलं तळं, ज्यात पावसाळ्याचं पाणी साठवायचं. ते उघडं, गढूळ, आणि त्यात जनावर मेलं की हगवणीची साथ ठरलेली.

पाणी आटलं की शिपाई झुडपांकडे वळत. जमिनीलगत वाढणाऱ्या, काटेरी, अननसाच्या जातीच्या झुडपाच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं थोडं पाणी साचून राहतं. आणि ‘इव्हिआ’ नावाचा एक मोठा कंद जमिनीत सापडतो. वर एखादी किरकोळ फांदी दिसते, खाली खणलं की कलिंगडाहून मोठा गोळा. त्याचा कीस करून मुठीत पिळायचा. चव तुरट, पण तोंड ओलं होतं. खेड्यातून आलेल्या पॅराग्वेच्या पोरांना आणि त्यांच्या आदिवासी वाटाड्यांना ती फांदी ओळखता येई. साडेतीन-चार हजार मीटर उंचीच्या पठारावरून आलेल्या बोलिव्हियाच्या शिपायाला ती ओळखायची कशी?

बोलिव्हियाची लोकसंख्या जवळजवळ तिप्पट, विमानं जास्त, तोफा जास्त, हाताशी हान्स कुंट हा जर्मन सेनापती. पण त्यांची रसद डोंगरातल्या रेल्वेनं विय्यासोनपर्यंत आणि तिथून शेकडो किलोमीटर कच्च्या घाटरस्त्यानं खाली यायची. पॅराग्वेची रसद आसुन्सिओनहून बोटीनं नदीतून पुएर्तो कासादोला. तिथे टॅनिनच्या, म्हणजे कातडी कमावायच्या अर्काच्या, कारखान्यानं केब्राचो या झाडाची लाकडं ओढायला अरुंद रूळ टाकलेला होता, तो चाकोत १४५ किलोमीटर आत जाई. रूळ संपला की ट्रक, आणि ट्रक पोहोचत इस्ला पोईला, म्हणजे एस्तिगारिबियाच्या मुख्य तळावर. बोट, रूळ, ट्रक. मला या युद्धातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: गरीब देशानं कारखान्याचा लाकडं वाहणारा रूळ आपल्या मोहिमेचा कणा केला.

शांततेच्या काळातल्या चारेक हजारांच्या फौजेला साठ हजारांपर्यंत न्यायचं तर अधिकारी कुठून आणायचे? शाळा-कॉलेजातल्या पोरांना काही महिन्यांचं शिक्षण देऊन राखीव अधिकारी केलं. रेजिमेंटांना नावं मागच्या युद्धातली: कुरुपायती, कोरालेस, इतोरोरो. आजीनं ज्या लढाईची गोष्ट सांगितली तिच्याच नावाच्या रेजिमेंटमध्ये नातू भरती होई. पुष्कळ जण अनवाणी आले, म्हणून त्यांना ‘पिला’ म्हणत; अनवाणी अशा अर्थाच्या ‘पातापिला’चं ते तोडलेलं रूप. स्पेनहून घेतलेल्या ओव्हिएदो कारखान्याच्या रायफली इतक्या दगा देत की शिपायांनी त्यांचं नाव ‘पॅराग्वेवाले-मारणी’ अशा अर्थाचं पाडलं. टेलिफोनवरचे हुकूम ग्वारानीत, म्हणजे घरच्या भाषेत. पलीकडच्यानं तार जोडून ऐकलं तरी हाती काही लागू नये म्हणून. भांडं मात्र एकच, कमरेचा पाण्याचा डबा, आणि त्यात जेमतेम एक लिटर.

९ सप्टेंबर १९३२ ला बोकेरॉनवर पहिला हल्ला झाला तो उघड्या मैदानातून आणि समोरून. कोरड्या मातीत लाकडाचे ओंडके घालून बुजवलेले मशीनगनचे मोर्चे दिसतच नव्हते, आणि दुपारपर्यंत डबे रिकामे झाले. माणसं गोळीनं पडली तशी उन्हानंही पडली. मग पद्धत बदलली: वेढा आवळायचा, सुटकेला येणाऱ्या तुकड्या वाटेतच अडवायच्या, आणि उखळी तोफा वापरायच्या. दाट झाडीत सरळ जाणारा गोळा फांद्यांवर फुटतो, उखळी तोफेचा गोळा मात्र वरून थेट खंदकात उतरतो. शिवाय तिचे तीन भाग सुटे होतात, नळी, बैठक आणि पाय, प्रत्येक भाग एका माणसाच्या खांद्यावर जातो. आत बोलिव्हियाचा लेफ्टनंट कर्नल मार्साना सहाशेच्या आसपास माणसं घेऊन वीस दिवस टिकला. विमानातून टाकलेले गाठोडे पुष्कळदा वेढ्याबाहेर पडत. त्यातच विकर्स मशीनगन पाण्यानं थंड राहणारी, नळीभोवतीच्या आवरणात चार लिटर पाणी मागणारी. ते पाणी माणसाला द्यायचं की बंदुकीला? २९ सप्टेंबरला बोकेरॉन पडलं.

त्यानंतर एस्तिगारिबियाच्या फौजेनं एकच डाव घोटून घोटून पक्का केला. त्याला ते ‘कोरालितो’ म्हणत, म्हणजे गुरांचा छोटा कोंडवाडा. आघाडीवर थोडी माणसं ठेवायची आणि त्यांनी भरपूर आवाज करायचा. बाकीच्यांनी बगलेच्या झाडीतून वाट तोडायची, शक्यतो रात्री. पुढे कोयतेवाले, त्यांच्यामागे कुऱ्हाडवाले. खुंट अगदी जमिनीलगत छाटायचे, नाहीतर मागून येणाऱ्या ट्रकचे टायर फाटतात. वाट सरळ न्यायची नाही, थोड्या थोड्या अंतरावर वळवायची, म्हणजे वरून विमानाला लांब रेघ दिसत नाही. शत्रूच्या मागच्या रस्त्यावर पोहोचलं की आधी खंदक आणि मगच विश्रांती, कारण कोंडलेली फौज पहिली धडक तिथेच देते. डाव फसतो तो दोनच कारणांनी: दोन्ही बाजूंची टोकं वेळेत मिळाली नाहीत तर, किंवा वाट तोडणाऱ्यांचं पाणी आधी संपलं तर. डिसेंबर १९३३ मध्ये काम्पो व्हियाला तो साधला आणि बोलिव्हियाच्या दोन डिव्हिजननी, साडेसात हजारांच्या आसपास माणसांनी, शस्त्रं ठेवली. त्यांच्या रायफली, ट्रक आणि मशीनगन घेऊन पॅराग्वेनं पुढची लढाई केली.

आणि मग यरेंदागुए. बोलिव्हियाची फौज पिकुइबापर्यंत पुढे आली होती आणि तिचं सगळं पाणी मागच्या यरेंदागुएच्या खोल विहिरींवर होतं. साठ वर्षांच्या एउखेनिओ गारायला आठवी डिव्हिजन देऊन सांगितलं गेलं: झाडीतून शत्रूच्या मागे जा आणि विहिरी घे. सत्तरेक किलोमीटर, डिसेंबरचा महिना, वाटेत पाणी नाही. डबा संपला की संपला. विहिरी हाती आल्या नाहीत तर ही सगळी माणसं झाडीतच मरणार, हे निघतानाच सगळ्यांना ठाऊक होतं. ८ डिसेंबर १९३४ ला सकाळी त्यांनी विहिरी घेतल्या. पुढे असलेल्या बोलिव्हियाच्या हजारो शिपायांच्या मागचा नळ जणू एका फटक्यात बंद झाला. त्यांनी रस्ता सोडून झाडीत धाव घेतली, बंदुका टाकल्या, कपडे टाकले. किती तरी जण एकही गोळी न लागता मेले. त्या मरणाचा आनंद पॅराग्वेच्या शिपायांनाही झाला नसावा असं मला वाटतं. दोन दिवस आधी तेही तिथेच उभे होते.

१४ जून १९३५ ला दुपारी तोफा थांबल्या. दोन्ही बाजू मिळून सुमारे एक लाख माणसं गेली.

जिंकलेलं लष्कर मात्र बराकीत परतलं नाही. १७ फेब्रुवारी १९३६ ला त्यानं राष्ट्राध्यक्ष एउसेबिओ आयाला यांना हटवलं, ज्यांनी सगळं युद्धभर एस्तिगारिबियाच्या पाठीशी उभं राहून एकेक पैसा पुरवला होता त्यांना. १९४७ च्या यादवीत चाकोतले सोबती एकमेकांवर तोफा डागत होते. आणि १९५४ मध्ये बोकेरॉनला लढलेला तोफखान्यातला अधिकारी, आल्फ्रेदो स्त्रोएसनर, सत्तेवर आला तो पस्तीस वर्षं. त्यानं लष्कर, सरकार आणि कोलोरादो पक्ष यांची एकच मोट बांधली. अधिकारी व्हायचं तर पक्षाचं सदस्यत्व हवं. सक्तीच्या भरतीतली पोरं अधिकाऱ्यांच्या शेतांवर राबायची. ही भरती कागदावर अठराव्या वर्षाची, पण खेड्यातून पंधरा वर्षांची मुलंही उचलली जायची. त्यांच्यातल्याच एकाच्या मृत्यूबद्दल आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं २००६ मध्ये देशाला जबाबदार धरलं. आकोस्ता न्यूची पोरं निदान वेढ्यात सापडली होती. शांततेच्या काळात पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक देण्याला कोणतंच कारण पुरत नाही.

स्त्रोएसनरला हटवलं तेही लष्करानंच, २ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री, आंद्रेस रोद्रिगेसच्या घोडदळानं, म्हणजे तोवर रणगाडे झालेल्या घोडदळानं. १९९२ च्या राज्यघटनेनं सक्तीची सेवा ठेवली, पण सद्सद्विवेकानं नकार देण्याचा हक्कही त्याच कलमात लिहिला. आज पायदळ-घोडदळाच्या नऊ डिव्हिजन तीन कोअरमध्ये, म्हणजे डिव्हिजनांच्या मोठ्या गटांत, वाटलेल्या आहेत: एक कुरुग्वातीला, दुसरी सान हुआन बाउतिस्ताला, तिसरी चाकोत. नऊ हा आकडा मोठा वाटतो, आणि दुखणं तिथेच आहे. युद्धकाळची चौकट तशीच राहिली, आत माणसं कमी. प्रत्येक डिव्हिजनला मुख्यालय हवं, अधिकारी हवेत, स्वयंपाकी आणि कारकून हवेत, मग गस्तीला उरतात थोडे. तोफखाना पाराग्वारीला. दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे अगदी अलीकडेपर्यंत चालू ठेवले होते. २०१३ पासून उत्तरेत सशस्त्र गटाविरुद्ध पोलिसांसह संयुक्त दल आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याचे आठ शिपाई एका वाटेवर पेरलेल्या स्फोटकानं गेले. वाट रोज तीच वापरू नये, हा चाकोतला जुना नियम आहे.

तिसऱ्या कोअरचं ठाणं ज्या गावात आहे त्याचं नाव मारिस्काल एस्तिगारिबिया. तिथल्या छपरांवरून अजून पन्हळीनं पाणी टाक्यांत उतरतं, पावसाचा पहिला सडा धूळ धुऊन जाईपर्यंत पन्हळ बाजूला ठेवतात आणि मग टाकीकडे वळवतात. पूर्वेकडे, पुएर्तो कासादोजवळ, आता नदीतून पाणी उचलून सुमारे दोनशे किलोमीटर आत लोमा प्लाताकडे नेणारी जलवाहिनी टाकली आहे. ती त्याच दिशेनं जाते, जिकडे १९३२ मध्ये लाकडांच्या वाघिणींतून अनवाणी पोरं निघाली होती.